तो कसा दिसत होता?

हा लेख म्हटलं तर एका हरवलेल्या मोबाईलबद्दल आहे आणि म्हटलं तर आपण दुसऱ्याची ओळख कशी सांगतो त्याबद्दल आहे. आधी मोबाईलचं सांगतो.

सेकंड इयरची गोष्ट. रविवारची दुपार. मेसमध्ये फीस्ट हाणून रूमवर आलो आणि आडवा झालो. तासाभराने उठून पाहतो तर मोबाईल गायब. आल्या आल्या चार्जिंगला लावला होता हे मला पक्कं आठवत होतं. दार नेहमीप्रमाणे उघडं. झोपायच्या आधी पॅसेजमध्ये आरओच्या पाण्याचे जार टाकणारा एक मुलगा दिसला होता. झालं, माझ्या डोक्यात दोन आणि दोन चार झाले. तसाच रेक्टर सरांकडे गेलो. त्यांनी वही काढली आणि विचारलं, "कोणी दिसलं का? कसा दिसत होता?"

मी म्हणालो, "सर, काळा होता. पारध्यावानी दिसत होता."

सरांनी ते वहीत लिहून घेतलं. गेटवर फोन गेला. जारची गाडी अजून खालीच उभी होती. वॉचमन मामांनी त्या मुलाला बसवून ठेवलं, खिसे तपासले, गाडीतल्या सीटखाली पाहिलं. आजूबाजूला पोरं जमली. तो एवढंच म्हणत होता, "म्या त्या खोलीत गेलोच न्हाई." दोन तासांनी त्याला सोडलं. प्रकरण वाढवायला नको म्हणून पोलिसांत कोणी गेलं नाही. फक्त जारवाल्या मालकाला सांगण्यात आलं, की उद्यापासून हे पोरगं पाठवू नका.

रविवारी संध्याकाळी मेस बंद असते हे हॉस्टेलवाल्यांना सांगायला नको. सोमवारी सकाळी नाश्त्याला गेलो तर मेसच्या मावशींनी भांडारातल्या खणातून मोबाईल काढून दिला. "कुणाचा हाय काय की, बेसिनवर पडलता. ठिवला बाजूला." बॅटरी उतरून बंद पडलेला माझाच मोबाईल. हात धुताना मीच तिथे विसरलो होतो. चार्जिंगला लावल्याची ती 'पक्की' आठवण शनिवारची असावी.

रेक्टर सरांना सांगितलं. त्यांनी वहीतली ओळ खोडली. मंगळवारी जार घेऊन दुसराच माणूस आला. मी मालकाचा नंबर घेतला, फोन केला, चूक माझी होती, त्या मुलाला परत कामावर घ्या, असं सांगितलं. ते म्हणाले, "राहू द्या हो साहेब, दुसरं पोरगं मिळालं आता."

तो मुलगा पारधी होता की नव्हता, हे मला तेव्हाही माहीत नव्हतं आणि आजही नाही. त्याआधी मी कुठल्याही पारधी माणसाशी पाच मिनिटंसुद्धा बोललो नव्हतो. मग 'पारध्यावानी' दिसणं म्हणजे कसं दिसणं, हे मला कोणी शिकवलं? या प्रश्नाचा थोडा अभ्यास केला. तोच इथे मांडतो आहे. बघा पटतो का.

शब्द आला कुठून?

पारध म्हणजे शिकार. पारध करणारा तो पारधी, आणि फासे लावून हरणं, तितर धरणारा तो फासेपारधी. एवढाच या शब्दाचा मूळ अर्थ. त्यात चोरी कुठेच नाही. चोरीचा अर्थ त्याला कायद्याने चिकटवला. इंग्रज सरकारने १८७१ साली 'क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्ट' म्हणजे गुन्हेगार जमाती कायदा केला. आधी तो उत्तर हिंदुस्थानात लागू होता, नंतर १९११ च्या कायद्याने देशभर पसरवता आला. त्याची कार्यपद्धती साधी होती. सरकारने एखाद्या जमातीला 'गुन्हेगार' जाहीर केलं की तिच्यातल्या माणसांची नावं नोंदायची, त्यांनी ठरलेल्या वेळी हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. माणसाने गुन्हा केला आहे की नाही हा प्रश्नच नव्हता. जन्म कुठे झाला एवढं पुरे. काहींना तर कुटुंबासकट तारेच्या कुंपणात ठेवलं जाई. अशी एक मोठी वसाहत आपल्या शेजारच्या सोलापुरात होती.

देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, हा कायदा रद्द झाला. म्हणून त्या जमातींना 'विमुक्त' म्हणतात आणि ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. पण कायदा गेला तरी शब्दाला लागलेला डाग राहिला. आपल्याकडे १९५९ साली सराईत गुन्हेगारांचा वेगळा कायदा आला आणि संशयाची सुई पुष्कळदा त्याच वस्त्यांकडे वळत राहिली. दरोड्याच्या बातमीत आरोपींच्या नावाआधी जमातीचं नाव छापायची सवय आपल्या पेपरांनाही होती. मी लहानपणापासून तेच वाचत आलो. म्हणजे रेक्टर सरांसमोर मी जे बोललो, ते माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतंच. १८७१ साली कोणीतरी लिहून ठेवलेलं होतं. मी फक्त वाचून दाखवलं.

गंमत म्हणजे पेपरांसाठी याबाबत नियम आहे. प्रेस कौन्सिल ऑफ इंडियाची पत्रकारितेची आचारसंहिता सांगते, की आरोपी असो वा पीडित, त्याची जात किंवा समाज यांचा त्या गुन्ह्याशी किंवा ओळख पटवण्याशी काही संबंध नसेल तर ती लिहू नये. अमेरिकेतल्या असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचं स्टाईलबुकही वंशाबद्दल साधारण हेच सांगतं : बातमीशी संबंध असेल तरच लिहा. तिकडे ज्याला 'पॉलिटिकली करेक्ट' म्हणून हसतात, त्यातला कामाचा भाग खरं तर एवढाच आहे.

आणि ही जुनी गोष्ट आहे असं समजू नका. तुरुंगाच्या रजिस्टरमध्ये कैद्याच्या जातीचा रकाना असायचा, कामंही काही ठिकाणी जातीवरून वाटली जायची. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी याविरुद्ध याचिका केली आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला. विमुक्त जमातींच्या लोकांना उगाच अटक होऊ नये म्हणून पोलिसांनाही मार्गदर्शक सूचना पाळायला सांगितल्या. स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षांनी!

ड्रॉइंगचा नियम

फर्स्ट इयरला आपण सगळ्यांनी इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या शीट रात्र रात्र जागून मारल्या आहेत. डायमेन्शनिंगचा पहिला नियम काय? पार्ट बनवायला लागणारं प्रत्येक माप शीटवर असलंच पाहिजे, आणि गरज नसलेलं एकही माप नको. एकच गोष्ट दोनदा दाखवली किंवा जास्तीचं माप टाकलं तर वर्कशॉपमधला माणूस गोंधळतो, पार्ट बिघडतो. एसपी ४६ उघडून पाहा, हेच सापडेल.

आता माझं त्या दिवशीचं वर्णन या नियमाने तपासू.

जास्तीची मापं : 'काळा' आणि 'पारध्यावानी'. काळा म्हणावं तर आमच्या मजल्यावर निम्मे सापडतील, मी धरून. नांदेडच्या उन्हात गोरं कोण राहतं? आणि 'पारध्यावानी' याला तर काही मापच नाही. ते वर्णन नव्हतं, निकाल होता.

सुटलेली मापं : वय साधारण अठरा, निळा टी-शर्ट, खांद्यावर जार, वेळ पावणेदोनची, पाण्याच्या गाडीसोबत आलेला. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मी त्याला माझ्या खोलीत जाताना किंवा खोलीतून निघताना पाहिलंच नव्हतं. हे एक वाक्य मी बोललो असतो तर सरांची वही कदाचित तिथेच मिटली असती. ते मी बोललो नाही, कारण 'पारध्यावानी' म्हटल्यावर पुढचं काही सांगायची गरजच कोणाला वाटली नाही. मला नाही, सरांना नाही, मामांना नाही. जास्तीच्या मापाचा हाच धोका असतो. ते खऱ्या मापाची जागा खातं.

दुसरी परीक्षा उलटवून पाहण्याची. समजा पॅसेजमध्ये शेजारच्या रूमचा गोरापान चष्मेवाला मित्र दिसला असता. "सर, ब्राह्मणासारखा दिसत होता," असं मी म्हणालो असतो का? किंवा "मराठ्यावानी दिसत होता"? सर हसले असते. म्हणाले असते, अरे नाव सांग, रूम नंबर सांग! जो शब्द एकालाच लावता येतो आणि दुसऱ्याला लावला की विनोदी वाटतो, तो ओळख पटवायला वापरलेला नसतो हे नक्की समजा.

कुणापैकी?

मी अकरावी-बारावी लातूरला केली. लातूर पॅटर्नची कीर्ती ऐकून मराठवाड्यातून पोरं तिथे येतात आणि क्लासच्या आधी खोली शोधतात. आम्ही तिघं मित्र एका काकूंकडे खोली बघायला गेलो. काकू प्रेमळ होत्या, पाणी दिलं, मग विचारलं, "पूर्ण नाव काय बाळा?" आमच्यातला एक पवार. आता पवार म्हटल्यावर काकूंची पंचाईत झाली. पवार मराठ्यांत आहेत, बौद्धांत आहेत, बंजारा समाजात आहेत, पारध्यांतही आहेत. (पारध्यांची आडनावं ऐकली आहेत का? भोसले, चव्हाण, पवार, काळे. इतिहासाच्या पुस्तकातलीच!) मग काकूंनी त्याचं गाव विचारलं. मामांचं आडनाव विचारलं. शेवटी थेट विचारलं, "म्हंजी तुम्ही कुणापैकी?" त्याने सांगितलं. त्यावर काकूंना एकदम आठवलं, की ती खोली पाहुण्यांसाठी लागणार आहे.

यात एकही वाईट शब्द उच्चारला गेला नाही. शिवी नाही, टोमणा नाही. 'बाळा' म्हणूनच सगळं झालं. त्यामुळे फक्त वाईट शब्दांची यादी करून ती टाळली की आपण सुधारलो, हा समज खोटा आहे. शब्दाकडून आपण कोणतं काम करून घेतो ते पाहायला हवं. भाडेकरूबद्दल काकूंना जे कळायला हवं होतं, म्हणजे भाडं वेळेवर देईल का, रात्री धिंगाणा घालेल का, ते मामाच्या आडनावात सापडणार नव्हतं.

याच्या उलट उदाहरण आपल्या नांदेडचं. हे गुरुद्वाऱ्याचं शहर. गुरू गोविंदसिंगजींचं १७०८ साली इथे निर्वाण झालं आणि तेव्हापासून शिखांचं इथे येणं-राहणं आहे. इथे पत्ता विचारला तर कोणीही सांगतो, "त्या सरदारजींच्या दुकानाला लागून गल्ली आहे." यात काही वाईट वाटत नाही, कारण पगडी लांबून दिसते आणि गल्ली खरंच सापडते. तोच शब्द रात्री हॉस्टेलवर जोक सांगताना वापरला की त्याचं काम बदलतं. तिथे सरदारजी म्हणजे मूर्ख, एवढाच अर्थ उरतो. अशा जोक्सवर बंदी घाला म्हणून सर्वोच्च न्यायालयात याचिका गेली होती, तेव्हा २०१७ साली न्यायालयाने सांगितलं, की लोकांनी कसं वागावं याचे नैतिक नियम कोर्ट घालून देऊ शकत नाही. बरोबरच आहे. ते काम आपलं आहे.

'गंमत केली रे' हे उत्तर कुठवर चालतं, त्याचंही एक उदाहरण आहे. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत निडो तानिया नावाच्या अरुणाचलच्या विद्यार्थ्याला त्याच्या दिसण्यावरून, केसांवरून चिडवलं. तो चिडला, मारामारी झाली, त्या मारहाणीनंतर तो गेला. त्यानंतर सरकारला बेझबरुआ समिती नेमावी लागली. आपल्यातले किती जण ईशान्येकडच्या मुलांना त्यांच्या नावाने हाक मारतात, हे ज्याने त्याने आठवून पाहावं.

बोर्ड बदलला, पुढे?

मग उपाय म्हणून नवीन शब्द आणायचा का? आपल्याकडे हा प्रयोग बऱ्याच वेळा झाला आहे. गांधीजींनी १९३३ साली 'हरिजन' नावाचं साप्ताहिकच सुरू केलं. हेतू चांगला होता. पण ज्यांच्यासाठी शब्द काढला त्यांना विचारलं कोणी? डॉ. आंबेडकरांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो मान्य नव्हता. १९३८ साली मुंबई विधिमंडळात एका विधेयकात हा शब्द आला, तेव्हा स्वतंत्र मजूर पक्षाने विरोध करून सभात्याग केला. पुढे १९८२ साली केंद्र सरकारने राज्यांना कळवलं, की जातीच्या दाखल्यावर 'हरिजन' लिहू नका. म्हणजे सन्मानासाठी आणलेला शब्द पन्नास वर्षांत दाखल्यावरून काढावा लागला.

आपल्या राज्यातला ताजा निर्णय डिसेंबर २०२० चा. गावागावांतल्या महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती, ब्राह्मणवाडा, माळी गल्ली अशा वस्त्यांची जातीवाचक नावं बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायचं मंत्रिमंडळाने ठरवलं. माझ्या मामाच्या गावी, लातूर जिल्ह्यात, अशीच एक 'समतानगर'ची पाटी लागली. दिवाळीत गेलो होतो तेव्हा मामाच्या ओट्यावर गप्पा चालल्या होत्या. कोणाचं तरी लग्न जमत होतं. शेजारचे आजोबा म्हणाले, "पण ते समतानगरचं हाय ना?" आवाज तोच, भुवई तशीच वर गेलेली. शब्द मात्र सरकारमान्य!

तर मग पाट्या बदलणं फुकट गेलं का? मला तसं वाटत नाही. पत्त्याचं काम काय? पोस्टमनला घर सापडावं. जात कळल्याने पत्र लवकर पोचत नाही. त्या वस्तीतला आपल्यासारखाच एखादा डिप्लोमावाला पुण्याच्या कंपनीत अर्ज करतो, तेव्हा त्याच्या आधार कार्डावरचा पत्ता आता त्याच्या आधी बोलत नाही. हे ड्रॉइंगच्या नियमातच बसतं, जास्तीचं माप काढून टाकलं. फक्त आजोबांच्या भुवईवर जीआर निघत नाही, एवढंच.

'दिव्यांग' शब्दाचंही तसंच. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये तो सुचवला आणि तो सरकारी कागदांवर रूढ झाला. शब्द छान आहे. पण लेक्चर हॉल दुसऱ्या मजल्यावर असेल आणि लिफ्ट नसेल, तर नुसता शब्द जिना कसा चढून जाणार?

मग जात बोलायचीच नाही का?

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, सोपं आहे, जात-धर्म-रंग यांचा उल्लेखच बंद करा. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. तिथे हेच होतं. कोणाचं आडनावही फारसं घेतलं जात नसे, 'वुई आर ऑल इक्वल' असा तक्ता भिंतीवर होता. मला बरीच वर्षं वाटायचं, की आपल्याला जात माहीतच नाही. पण त्या रविवारी रेक्टर सरांसमोर तोंडातून काय निघालं? इंग्रजीत मी सभ्य होतो, मराठीत मोकळा. ज्याबद्दल कधी बोललोच नाही, ते आत तसंच शिल्लक होतं. गप्प राहिल्याने ते गेलं नव्हतं.

आणि काही सत्यं जातीचं नाव घेतल्याशिवाय सांगताच येत नाहीत. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात जे झालं ते आपल्या आजोबांच्या पिढीने पाहिलं आहे. नांदेड जिल्ह्यालाही त्याची मोठी झळ बसली. टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे मारले गेले ते आपल्याच जिल्ह्यात. आता 'काही गावांत काही घरं जळाली' असं कोणी लिहिलं तर ते वाक्य अगदी सभ्य आहे, कोणाचंही नाव नाही, पण ते खोटं आहे. घरं जळाली नाहीत, जाळली गेली, आणि ती दलितांची होती. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. ती सोळा वर्षं जात वगळून सांगा पाहू! इथे जात हे जास्तीचं माप नाही, मुख्य माप आहे. तेच पुसलं तर ड्रॉइंग कशाचं आहे हेच कळणार नाही.

तसंच मोजणीचं. सगळ्या जातींची नोंद झालेली शेवटची जनगणना १९३१ ची. ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्र सरकारने पुढच्या जनगणनेत जातीची नोंद घेण्याचा निर्णय जाहीर केला. कोण मागे राहिलं आहे हे मोजायचं असेल तर रकाना लागेलच. आपल्या कॅप राउंडच्या फॉर्मवर, स्कॉलरशिपच्या अर्जावर जातीचा रकाना आहे तो याच कामासाठी. पण तो रकाना अ‍ॅडमिशनपुरता आहे. थर्ड इयरच्या प्रोजेक्ट ग्रुपमध्ये "तो ना? तो कॅटेगरीतून आलाय" असं आपण म्हणतो, तेव्हा फॉर्मवरचा रकाना त्याच्या कपाळावर चिकटवत असतो. प्रोजेक्टसाठी त्याला कोडिंग येतं का, एवढंच माप लागतं.

शेवटचा मुद्दा, शब्द कोणाचा? 'दलित' हा शब्द चळवळीतल्या लोकांनी स्वतः उचलून धरला, १९७२ च्या दलित पँथरने तो अभिमानाने मिरवला. २०१८ साली केंद्राच्या माहिती-प्रसारण मंत्रालयाने माध्यमांना 'दलित'ऐवजी 'अनुसूचित जाती' म्हणा असा सल्ला दिला, तेव्हा त्या समाजातल्याच अनेकांनी विरोध केला. आम्ही निवडलेला शब्द तुम्ही का काढता, असा त्यांचा सवाल होता. आणि आपल्या लातूरचंच उदाहरण घ्या. लातूर तालुक्यातल्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांनी आपल्या आत्मकथनाचं नाव ठेवलं 'उचल्या'. ज्या शब्दाने पोलीस आणि गाव त्यांच्या जमातीला चोर ठरवत होते, तोच शब्द त्यांनी १९८७ साली पुस्तकाच्या मुखपृष्ठावर टाकला आणि १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळवला. तो शब्द लिहिण्याचा हक्क त्यांचा होता. मी कोणाला तसं म्हणालो तर तो साहित्य होत नाही, गुन्हा होऊ शकतो.

थोडक्यात, आणि थोडा सराव

परीक्षेच्या भाषेत सांगायचं तर चार प्रश्न. एक, हा शब्द काढला तर माझ्या वाक्यातली माहिती कमी होते का? दोन, हाच शब्द मी माझ्या स्वतःच्या लोकांना याच जागी लावला असता का? तीन, ज्याच्याबद्दल बोलतो आहे तो समोर बसला असता तर मी हेच बोललो असतो का? चार, हा शब्द काढल्याने कोणावर झालेला अन्याय झाकला जातो का? चौथ्याचं उत्तर 'हो' असेल तर शब्द ठेवा, आणि ठणकावून ठेवा.

आता सराव. "ते काळंसं पोरगं, पण हुशार आहे." यातल्या 'पण'खाली लाल रेघ मारा. "लमाण असून किती स्वच्छ राहतात!" इथे रेघ 'असून'खाली. बघा, पुष्कळदा दोष जातीच्या शब्दात नसतो, त्याला जोडून आलेल्या छोट्या अव्ययात असतो. "स्मशानभूमीला वाट नाही म्हणून त्या वस्तीने मोर्चा काढला." इथे मात्र 'त्या वस्तीने' पुरत नाही. कोणाच्या स्मशानभूमीला वाट नाही आणि कोणी अडवली, ते नाव घेऊनच सांगावं लागेल. "मुलगी गोरी, सुस्वरूप." याचं उत्तर ज्यांच्या घरात सध्या स्थळं बघणं चालू आहे त्यांनी लिहावं.

आणि एक प्रश्न माझ्यासाठी. रेक्टर सरांनी विचारलं होतं, "तो कसा दिसत होता?" वर्ष झालं, आता मला त्याचा टी-शर्ट आठवतो, खांद्यावरचा जार आठवतो, गेटजवळ बसल्यावर त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते तेही आठवतं. एवढं सगळं तेव्हा दिसत होतं, तरी मी दोनच शब्द सांगितले. त्याचं नाव मी शेवटपर्यंत विचारलं नाही. त्याच्या मालकाला फोन केला तेव्हासुद्धा नाही.

आमच्या मजल्यावर सध्या जे जार टाकायला येतात त्यांना मी पहिल्याच दिवशी नाव विचारलं. ते जरा चमकले, म्हणाले, "का, काय झालं साहेब?"

काही झालं नाही म्हणालो. सहज विचारलं.